पाऊण मिलिमीटरची चूक कोणाची?

महोदय,

मी पुण्यात छापखान्यात ३४ वर्षं कटिंग मशीनवर काढली, म्हणून हे लिहितोय.

न्यू जर्सीतल्या माझ्या भाच्याने एक पोकेमॉन कार्ड ग्रेडिंगला, म्हणजे कार्डाची स्थिती तपासून दहापैकी गुण देणाऱ्या संस्थेकडे, पाठवलं होतं. कोपरे कोरे, चकाकी शाबूत, ओरखडा नाही. तरी दहापैकी आठच मिळाले. कारण, चित्र मध्यावर नाही. सुट्टीत आला तेव्हा मी माझी जुनी स्टीलपट्टी आणि भिंग काढलं. चित्राच्या डावीकडची पिवळी पट्टी ३.७ मिलिमीटर, उजवीकडची २.३. म्हणजे दोन्ही मिळून शंभर धरले तर ६२/३८. पीएसए या अमेरिकी संस्थेच्या निकषांत समोरच्या बाजूला ९ साठी ६०/४० आणि ८ साठी ६५/३५ पर्यंत चालतं. मागच्या बाजूला जास्त सूट. हिशेब बरोबर होता, भाचा मात्र रुसलेलाच.

त्याला सांगितलं, बाबा रे, कार्ड सुटं छापत नाहीत. एका तावावर शंभरावर कार्डं असतात. कापताना ताव पाऊण मिलिमीटर सरकला की एक पट्टी तेवढी वाढते, दुसरी तेवढीच घटते. आमच्याकडे लग्नपत्रिकेत एवढं सरकलं तर वधूपिताही बोलत नसे!

फ्लीअर कंपनीच्या १९८६ च्या संचातलं बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनचं ५७ क्रमांकाचं कार्डही असंच सरकलेलं बऱ्याचदा सापडतं. जपून ठेवणाऱ्याने कितीही जपलं तरी कापणाऱ्याची चूक त्याच्याच माथी. आमच्या मुलांनी पैसे मोजण्याआधी स्टीलपट्टी लावावी. ग्रेडिंगची फी परत मिळत नाही.

— एक निवृत्त कटिंग मास्तर, पुणे