पडद्यावर ३०००, प्रत्यक्षात २४०० : स्पिन कोटरबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, विक्रीपश्चात सेवा विभाग

विषय : वॉरंटीत मोटर व कंट्रोलर बदलून मिळणेबाबत

आज दुपारी तुमच्या सेवा अभियंत्यांशी झालेला फोन पाचवा होता. आता लेखीच देते.

स्पिन कोटर म्हणजे सिलिकॉनची चकती (वेफर) वेगाने फिरवून तिच्यावर सोल्युशनचा पातळ थर (फिल्म) देणारं यंत्र. त्याच्या पडद्यावर ३००० आरपीएम (मिनिटाला फेरे) दिसतात तेव्हा वेफर धरणारा चक २४०० ने फिरतो. तिघांनी, तीन वेगवेगळ्या दिवशी, ऑप्टिकल टॅकोमीटरने, म्हणजे प्रकाशाने फेरे मोजणाऱ्या उपकरणाने, मोजलंय. फरक ठरावीक असता तर हिशेबात धरून निभावलं असतं, पण तासभर चालवल्यावर तोच वेग २६५० होतो. फिल्मची जाडी वेगाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात जाते, हे तुम्हाला सांगायला नको. टोल्युइन या द्रावकात विरघळवलेल्या पॉलिस्टायरीनची फिल्म १०० नॅनोमीटर यायला हवी, ती सकाळी ११२ येते आणि दुपारी १०६.

पाचही वेळा उत्तर एकच : "सोल्युशन तपासा." तपासलं. पुन्हा वजन करून नवीन बनवलं, ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलं. तेच सोल्युशन त्याच दिवशी शेजारच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या कोटरवर ३००० ला टाकलं, तर १०१ आली. हे आकडे तीनदा ईमेल केलेत.

आज ते आधी म्हणाले, "पावसाळा आहे मॅडम, पुण्याची हवा दमट." मी म्हटलं, दोन्ही यंत्रं एकाच मजल्यावर आहेत, पाऊस दोघांना सारखाच. मग ते म्हणाले, "पण दहा-बारा नॅनोमीटरचा फरक दिसतो तरी कोणाला?" मला दिसतो. माझ्या विद्यार्थिनीला दिसतो. सिलिकॉन वेफरवर १०० ची फिल्म जांभळी दिसते, ११२ ची निळी. खिडकीपाशी धरली तरी कळतं, जाडी मोजणारा एलिप्सोमीटरही लागत नाही. हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग निळ्यावरच काम करा ना," आणि पलीकडे कोणीतरी हसलं. फोन स्पीकरवर होता. ती मुलगी माझ्या शेजारीच बसली होती.

तिचे दोन महिने आणि ४० वेफर वाया गेलेत. वेगवेगळ्या तापमानाला तापवलेल्या, पण एकाच जाडीच्या फिल्म तिला ताडून बघायच्या आहेत. जाडीच हलली तर तापमानाचा परिणाम कोणता आणि जाडीचा कोणता, हे ती कशी सांगणार? आणि तुम्ही अजून सोल्युशनलाच दोष देताय.

तो जुना कोटरही तुमच्याच कंपनीचा आहे. त्याच्या भरवशावर खरेदी समितीत मी तुमच्या नावाचा आग्रह धरला होता. त्याचं आज फार वाईट वाटतं.

१५ दिवसांत मोटर आणि कंट्रोलर बदलून, आमच्यासमोर वेग मोजून कॅलिब्रेशनचा दाखला द्या. नाहीतर तुमची बँक गॅरंटी वटवावी, अशी शिफारस मी त्याच समितीकडे करणार आहे. आणि माणूस पाठवाल तेव्हा त्याच्याबरोबर टॅकोमीटर पाठवा.

प्रयोगशाळा प्रमुख,
पॉलिमर विभाग, पुणे