'राज' ग्राह्य, 'जोवार' मात्र अग्राह्य?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीतील मुलांच्या इंग्रजी शब्दकोड्यात मागच्या पंधरवड्यात जे, ए, ओ, आर, डब्ल्यू, एस आणि ई ही सात अक्षरे दिली होती. प्रत्येक शब्दात जे आलाच पाहिजे, कोणतेही अक्षर कितीही वेळा वापरता येईल आणि शब्द किमान तीन अक्षरांचा असावा, असे नियम होते. माझ्या सातवीतल्या नातीने पाठवलेल्या यादीत 'जोवार' (jowar, म्हणजे आपली ज्वारी) हा शब्द होता. पुढच्या रविवारी उत्तरे छापून आली, तेव्हा तो त्यांत नव्हता. खाली 'प्रादेशिक भाषांतील शब्द ग्राह्य धरलेले नाहीत' अशी टीप होती. त्याच उत्तरांत 'राज' हा शब्द मात्र मानाने बसला होता. 'राज' इंग्रजी आणि 'जोवार' प्रादेशिक, हा निवाडा कोणत्या शब्दकोशाच्या आधारे झाला, एवढे समजावे म्हणून हे पत्र.

दोन्ही शब्द हिंदुस्थानातूनच इंग्रजीत गेले आहेत. 'जोवार' मेरियम-वेब्स्टरच्या कोशात आहे आणि स्क्रॅबल या अक्षरांच्या सोंगट्या मांडून शब्द जुळवण्याच्या खेळाच्या स्पर्धांसाठी प्रमाण मानल्या जाणाऱ्या कॉलिन्सच्या शब्दसूचीतही आहे. स्क्रॅबलच्या पटावर 'राज' मांडला तर जागेचे जादा गुण सोडून 10 गुण होतात, 'जोवार'चे 15 होतात. ज्या जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिथल्याच वर्तमानपत्राने ज्वारीला परकी ठरवावे याची गंमत वाटली, आणि खरे सांगायचे तर थोडे वाईटही वाटले. नातीने तो शब्द कुठल्या संकेतस्थळावरून उतरवलेला नव्हता. दुकानातून आणलेल्या पिठाच्या पिशवीवर रोमन लिपीत छापलेले नाव तिच्या डोळ्यांसमोर होते. 'हे इंग्रजी कसे असेल?' अशी शंका येऊन तिने घरातला जुना कोश उघडला आणि शब्द सापडल्यावरच तो यादीत लिहिला.

अशा कोड्यांत कोशाचा उपयोग फार मर्यादित असतो, हे सदर चालवणाऱ्यांना ठाऊक असेलच. कोश पहिल्या अक्षराच्या क्रमाने लावलेला असतो, त्यामुळे जे ने सुरू होणारे शब्द पाच-दहा पाने चाळून मिळतात. पण जे मध्ये किंवा शेवटी असलेले शब्द शोधायचे तर सगळा कोश पालथा घालावा लागेल. म्हणून हाताने शोधणाऱ्याला इंग्रजी शब्दांची ठेवण लक्षात घ्यावी लागते. अस्सल इंग्रजी शब्दाच्या शेवटी जे जवळजवळ येतच नाही, आणि आला तर तो शब्द बहुधा बाहेरून आलेला पाहुणा असतो: राज, ताज, हज. हे ज्याच्या लक्षात आले त्याला शेवटी जे असलेले शब्द शोधण्यासाठी मोठा कोश लागत नाही, आपल्या घरातले शब्द आठवावे लागतात. क्यू च्या पाठोपाठ यू न येणाऱ्या शब्दांचेही असेच आहे. फकीर, तलाक, निकाब हे शब्द क्यू ने लिहिलेले कॉलिन्सच्या सूचीत आहेत आणि ते सगळे अरबीतून आलेले आहेत. प्रादेशिक शब्द सरसकट वगळले, तर या अवघड अक्षरांचा खेळच संपतो.

स्क्रॅबल रचणारे अमेरिकन वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रांच्या पानांवर कोणते अक्षर किती वेळा येते हे मोजून सोंगट्यांची वाटणी ठरवली होती. ई च्या 12 सोंगट्या आहेत, जे ची एकच आणि तिचे गुण 8. एस सर्रास येणारे अक्षर असूनही त्याच्या चारच सोंगट्या ठेवल्या, कारण कोणत्याही नामाला एस जोडून अनेकवचन करणे फार सोपे होते. आपल्या कोड्यात एस दिल्यामुळे छापलेल्या उत्तरांतही निम्मी भरती अनेकवचनांचीच झाली होती, हे जाता जाता नमूद करतो.

हे पत्र लिहिताना आणखी एक शब्द ध्यानात आला, जो ना नातीला सुचला होता, ना आपल्या उत्तरांत होता. दिलेल्या सात अक्षरांतून, ए दोनदा घेऊन, 'स्वराज' होतो आणि तोही इंग्रजी कोशांत आहे. 1930 साली ज्या शहरावर मार्शल लॉ लादला गेला, त्या सोलापुरात 'राज' चालावे आणि 'स्वराज' टीपेखाली अडकावे, हे काही बरे दिसत नाही.

अक्षरे टाकताच क्षणात सगळे शब्द काढून देणारी संकेतस्थळे आता मुलांच्या हाताशी आहेत आणि त्यांना आवर घालणे आपल्या हाती नाही. ती संकेतस्थळेही एखादी ठरावीक शब्दसूचीच वापरतात; आपली सूची कोणती, हे मात्र वाचकांना कळत नाही. तरी कोड्याच्या चौकटीतच आधारभूत कोशाचे नाव छापावे, त्या कोशात असलेला शब्द मुळात कोणत्याही भाषेतला असला तरी ग्राह्य धरावा, आणि 'जोवार' लिहिणाऱ्या मुलांची नावे पुढच्या अंकात दुरुस्तीसह द्यावीत, ही विनंती. माझी नात एकटीच असेल असे मला वाटत नाही.

आपला,
एक जुना वाचक, सोलापूर