परीक्षणात पार्श्वसंगीताला एकच ओळ का?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. तुमच्या पेपरातली सिनेमाची परीक्षणं मी दर आठवड्याला न चुकता वाचतो. कथा, अभिनय, कॅमेरा सगळ्यावर सविस्तर लिहिलेलं असतं, पण बॅकग्राउंड म्युझिकचा विषय आला की "पार्श्वसंगीत प्रसंगानुरूप आहे" एवढं लिहून मोकळे. हे खूप दिवस खटकतंय म्हणून आज लिहायला बसलो.

परवा घरी 'सायको' (१९६०) परत लावला होता. शॉवरमधल्या खुनाच्या सीनला मुद्दाम टीव्ही म्यूट करून बघितलं. सुरी दिसते, पडदा, पाणी, किंचाळणारा चेहरा सगळं दिसतं पण पोटात गोळा काही येत नाही. मग मागे घेऊन आवाजासकट तोच सीन लावला आणि ती व्हायोलिनं चिरकायला लागली तसा अंगावर सर्रकन काटा आला. संगीतकार बर्नार्ड हरमननं त्या अख्ख्या सिनेमाला फक्त तंतुवाद्यं वापरलीत, ब्रास (तुतारीसारखी पितळी वाद्यं) नाही की ड्रम नाही. आणि दिग्दर्शक हिचकॉकला तर त्या सीनला म्युझिकच नको होतं, हरमननं तरीही लिहिलं आणि ते ऐकून त्यानं मत बदललं! पुढे १९६३ च्या त्याच्याच 'द बर्ड्स'ला मात्र नेहमीसारखं पार्श्वसंगीत ठेवलंच नाही, नुसते पक्ष्यांचे आवाज, म्हणजे कुठे वाजवायचं नाही हाही निर्णयच असतो ना.

तसंच '२००१: अ स्पेस ओडिसी' (१९६८). संगीतकार ॲलेक्स नॉर्थनं त्याच्यासाठी खास संगीत लिहिलं होतं, पण दिग्दर्शक कुब्रिकनं एडिटिंगला तात्पुरत्या लावलेल्या क्लासिकल रेकॉर्डच कायम ठेवल्या. (नॉर्थच्या जिवाचं काय झालं असेल!) यान आणि स्पेस स्टेशन संथ गिरक्या घेतायत आणि मागे योहान स्ट्राउसचा शंभर वर्षं जुना वॉल्ट्झ (जोडीनं गिरक्या घेत नाचायची धून), त्यामुळे तिथे यंत्रं नाचतायत असंच वाटतं. अर्थात दरवेळी असं जमत नाही, कित्येकदा सीनमध्ये दम नसला की एखादी गाजलेली सिंफनी आणून चिकटवतात आणि आपण उगाच भारावतो, मला तरी ही लबाडी वाटते. पण ती लबाडी आहे की कमाल हे परीक्षकानं सांगायला नको का?

जागा कमी असते हे मान्य. तरी चार ओळी द्या, कुठली वाद्यं आहेत, संगीत कुठे थांबतं, संवाद दाबून टाकतं का एवढं जरी आलं तरी चालेल. आणि परीक्षणाच्या चौकटीत कलाकारांच्या नावांसोबत संगीतकाराचं नाव तरी छापाच, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक