डॉक्टर मॅडम, त्या पेनाने काढलेल्या डोळ्यासाठी थँक्यू

डॉक्टर मॅडम, तुम्ही रिपोर्टच्या पाठकोऱ्या बाजूला काढलेला डोळा मी अजून जपून ठेवलाय. एक गोल, शेजारी एक अंड्यासारखा लांबट, आणि लांबट्याखाली माझं नाव :)

खरं सांगते, तुमच्याकडे आले तेव्हा मी वैतागलेलीच होते. मायनस 13 नंबर, 4 वर्षांपूर्वी डोळ्याच्या आत नंबर घालवणारी आयसीएल लेन्स बसवली, जिथे बसवली तिथे 'आता डोळ्यांचं टेन्शन संपलं' सांगून घरी पाठवलं, मग मी चष्म्याबरोबर तपासणीही सोडली. आणि अचानक दाराची चौकट मधेच वाकडी दिसायला लागली, घरातले म्हणे सरळच आहे की! लेन्सने नंबर गेला पण डोळ्याची लांबी तेवढीच राहिली, हे मला तुमच्याकडून पहिल्यांदा कळलं. साधारण डोळा 24 मिलिमीटरच्या आसपास आणि माझा साडेएकोणतीस, म्हणजे मागचा पडदा ताणून ताणून पातळ झालेला आणि मधोमध त्याचे थर सुटायला लागलेले. ओसीटीत (पडद्याच्या थरांच्या स्कॅनमध्ये) ते सुटलेले थर आणि त्यांच्यामधले बारीक बारीक खांब बघून माझ्या पोटात गोळाच आला.

व्हिट्रेक्टॉमीचं ऑपरेशन म्हटल्यावर मी घाबरले, पण तुम्ही सगळं उलगडून सांगितलंत. आधी आतली जेली काढायची, मग पडद्यावरचा पापुद्रा निळ्या डायने रंगवून चिमट्याने सोलायचा, पण अगदी मधला ठिपका सोडून, कारण तिथे ओढलं तर भोक पडायची भीती. भोक आधीच असतं तर त्याच पापुद्र्याचा तुकडा उलटवून वर झाकला असता म्हणालात. मागून आधार देणारं मॅक्युलर बकल माझ्या डोळ्याला आत्ता का नको, तेही सांगितलंत.

भूल फक्त डोळ्यापुरती, त्यामुळे मला चिमट्याची सावली दिसत होती आणि तुमचं 'आता अज्जिबात हलायचं नाही हं' ऐकू येत होतं. मी श्वास पण मोजून घेतला.

शेवटी डोळ्यात गॅस भरलात, त्यामुळे नंतरचं पालथं पडून राहणं मात्र वैताग होता, मान पार आखडली. गॅस विरेपर्यंत विमान बंद (वर गेल्यावर तो फुगतो आणि डोळ्यातलं प्रेशर वाढतं म्हणून). पण एक मजा होती, आधी सगळंच धूसर, मग वरून थोडं दिसायला लागलं आणि खाली हलती पाण्यासारखी रेघ, रोज जरा जरा खाली सरकणारी, शेवटी एक चिमुकला बुडबुडा उरला आणि एका सकाळी तोही गायब.

चौकट आता जवळजवळ सरळ दिसते. एक बारीक लचक आहे अजून, ती राहू शकते आणि मोतीबिंदूही लवकर येईल हे तुम्ही ऑपरेशनआधीच सांगितलं होतंत, म्हणून आता त्याचं वाईट वाटत नाही.

दुसऱ्या डोळ्याच्या ओसीटीला पुढच्या महिन्यात येतेय आणि बहिणीलाही आणतेय. तिचा मायनस 8 होता, लेसर करून चष्मा गेला, त्यानंतर पडदा एकदाही दाखवलेला नाही. कागद-पेन तयार ठेवा.