शून्य मैलावरचे चर्च : महापालिका आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका

सप्रेम नमस्कार.

चर्चगेट हे नाव मुंबईत पोरासोरांनाही ठाऊक आहे. ज्या चर्चमुळे ते पडले ते सेंट थॉमस कॅथेड्रल मात्र अनेकांनी आतून पाहिलेले नसते. हुतात्मा चौक ओलांडून हॉर्निमन सर्कलकडे निघालो की ते लागते. किल्ल्याची तटबंदी १८६० च्या दशकात पडली, तिच्याबरोबर या चर्चकडे जाणारा ‘चर्च गेट’ हा दरवाजाही गेला. चर्च जागेवर आहे.

मी ख्रिस्ती नाही. फोर्टात नोकरी, त्यामुळे जेवणाच्या सुटीत तिथे जाऊन बसायची सवय लागली. भिंतींवर संगमरवरी स्मृतिफलकांची दाटी आहे. त्या काळी मुंबईत आलेल्या इंग्रजाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, असे म्हणत. फलक वाचत गेले की ते पटते. गव्हर्नर जोनाथन डंकन १८११ मध्ये मुंबईतच वारले. त्यांच्या स्मारकावर बनारस आणि काठेवाडातली बालहत्येची प्रथा बंद केल्याचे कोरले आहे. राज्यकर्त्यांची प्रौढी त्या दगडांत आहेच, ती झाकायचे कारण नाही. पण ऐन तारुण्यात गेलेल्यांसाठी लिहिलेल्या ओळी वाचताना राज्यकर्ते वगैरे आठवत नाही, गलबलून येते.

मुंबईचे गव्हर्नर जेराल्ड अँजियर यांनी बांधायला घेतलेले हे चर्च. ते १६७७ मध्ये गेले आणि अर्धवट भिंती चाळीसेक वर्षे तशाच राहिल्या. पुढे रिचर्ड कॉब या पाद्र्याने वर्गणी जमवली आणि १७१८ च्या नाताळात दारे उघडली. अलीकडच्या डागडुजीला २००४ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, तो सार्थच होता.

आता आपल्याकडचे काम. मुंबईतले जुने मैलाचे दगड याच चर्चपासून मोजलेले आहेत. त्यांवर रोमन आकडा आणि चर्चचे नाव असते. फुटपाथात गाडले गेलेले काही दगड महापालिकेने उकरून पुन्हा उभे केले, त्याबद्दल मनापासून आभार.

माझी मागणी एवढीच, की पालिका शाळांतल्या मुलांना हे अंतर प्रत्यक्ष बघू द्या. ज्या शाळेजवळ असा दगड आहे तिथल्या मुलांना आधी तो दाखवावा, आकडा वाचायला लावावा आणि मग बसने थेट चर्चपाशी आणावे. समोरच्या बागेला ज्यांचे नाव दिले ते बी. जी. हॉर्निमन स्वतः इंग्रज. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक म्हणून त्यांनी इंग्रज सरकारवर टीका केली आणि १९१९ मध्ये सरकारने त्यांना देशाबाहेर धाडले. बागेपलीकडे १८३३ चा टाउन हॉल, त्याच्या रुंद पायऱ्या. एका चौकात एवढे सगळे आहे आणि मुलांना ते मराठीतून सांगणारा जाणकार सोबत हवा.

चर्चच्या विश्वस्तांशी बोलून प्रार्थनेची वेळ सोडून सकाळचे दोन तास ठरवता येतील. पावसाळा संपला की सुरुवात करावी, ही विनंती.

आपला नम्र,
फोर्टातला एक नोकरदार