घड्याळावरचे मीटर आणि सेल बदलल्याचे बिल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की सोलापूर परिसरातील विहिरी आणि पोहण्याचे तलाव गजबजतात, आणि अलीकडे पोहणाऱ्या तरुणांच्या मनगटावर पाणबुड्यांच्या (खोल पाण्यात उतरणाऱ्या डायव्हरांच्या) धर्तीची, दोन बटणांची जाडजूड क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच असलेली) घड्याळे सर्रास दिसू लागली आहेत. ‘वॉटरप्रूफ आहे, बिनधास्त पोहा’ एवढ्या भरवशावर ती विकली जातात. झाकणावर कोरलेल्या मीटरच्या आकड्याचा अर्थ दुकानदार सांगत नाही आणि गिऱ्हाईकही विचारत नाही.

१० मीटर पाण्याचा दाब साधारण १ बार (बार हे दाबाचे एकक) भरतो, म्हणजे ‘३० मीटर’ ही नव्या घड्याळाने ३ बार दाब सोसल्याची नोंद झाली. हात धुताना किंवा पावसात असे घड्याळ चालते. नियमित पोहायचे असल्यास १०० मीटरचे घ्यावे. हात मारल्याने दाब कित्येक पटींनी वाढतो, असे कारण यासाठी नेहमी दिले जाते, ते मात्र हिशेबात बसत नाही, कारण सेकंदाला ३ मीटर वेगाने हात फिरला तरी वाढणारा दाब जेमतेम अर्धा मीटर पाण्याइतका असतो. घात करतात त्या चावीच्या, बटणांच्या आणि झाकणाच्या रबरी रिंगा, ज्या घामाने, साबणाने आणि उन्हाने वर्षागणिक कडक होत जातात. क्रोनोग्राफला अशी दोन दारे जास्तीची असतात. बटण दाबले की त्याची दांडी रिंगेतून आतबाहेर सरकते, म्हणून उत्पादकाने स्पष्ट मुभा दिली नसेल तर पाण्याखाली बटणांना हात लावू नये. तिथे वेळ मोजायला काचेभोवतीची, एकाच दिशेने फिरणारी बाहेरची कडी पुरेशी आहे. चावी स्क्रूसारखी फिरवून बसवायची असेल तर पाण्यात उतरण्यापूर्वी ती आवळलेली आहे ना, एवढे पाहावे.

खऱ्या पाणबुड्यांच्या घड्याळासाठी आयएसओ ६४२५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात किमान १०० मीटरची अट आहे आणि प्रत्येक नग नमूद खोलीपेक्षा २५ टक्के जास्त दाबाखाली तपासावा लागतो. नुसती कडी फिरते म्हणून घड्याळ त्या पंक्तीला बसत नाही. दमट हवा आत शिरली आहे का हे पाहण्यासाठी घड्याळ ४० ते ४५ अंशांपर्यंत तापवून काचेवर गार पाण्याचा थेंब मिनिटभर ठेवतात आणि पुसल्यावर आतून धुके दिसले तर ते बाद धरतात. आपल्याकडे मे महिन्यात भर दुपारी दुचाकीवरून आलेला मुलगा घड्याळासकट विहिरीत उडी घेतो, तेव्हा ही परीक्षा फुकटात होते! शिवाय तापलेली आतली हवा एकदम गार होऊन आकसते आणि रिंग जरा जरी सैल असली तरी पाणी आत ओढले जाते.

माझा मुख्य मुद्दा सेल बदलण्याचा आहे. झाकण एकदा उघडले की कारखान्यातल्या चाचणीचा हवाला संपतो. रिंगेवर एखादा केस किंवा सुताचा तंतू अडकला (आणि यंत्रमागाच्या या शहरात तंतूंना काय तोटा!) तर झाकण वरून घट्ट दिसूनही पाण्याला वाट मिळते. तरीही पाच मिनिटांत सेल घालून, जुनीच रिंग कोरडी बसवून, २०० मीटरचे घड्याळ परत हातात दिले जाते. रिंग पुसून तिला सिलिकॉन ग्रीस लावणे, ती चपटी किंवा कडक झाली असल्यास बदलणे आणि हवेच्या दाबाच्या यंत्रावर घड्याळ तपासणे हे काम फार वेळखाऊ नाही आणि त्याचे वाजवी पैसे घेण्यासही कोणाची हरकत नसावी.

तेव्हा शहरातील घड्याळ व्यावसायिकांना विनंती आहे की त्यांनी सेल बदलल्याच्या बिलावर रिंग बदलली की नाही आणि किती बार दाबाला घड्याळ तपासले हे लिहून द्यावे. ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांनी ‘दाब तपासलेला नाही’ असे लिहावे, म्हणजे गिऱ्हाईक ते घड्याळ काठावर काढून ठेवील.

आपला,
एक वाचक, सोलापूर