पाच दिवसांची चाचणी आणि दारूने बिघडलेले यकृत

महोदय,

‘प्रोबायोटिक’ म्हणजे उपकारक जिवाणूंच्या सेवनाने दारूमुळे बिघडलेले यकृत सुधारते, अशा आशयाचा लेख आपल्या आरोग्य पुरवणीत वाचला. त्यामागील तर्क रास्त आहे. मद्यामुळे आतड्याचे अस्तर झिरपू लागते, तेथील जिवाणूंची विषारी द्रव्ये रक्तावाटे थेट यकृतात पोहोचतात आणि दाह वाढतो. तेव्हा आतड्यातील जिवाणूंचा समतोल सावरला, तर यकृतावरील मारा कमी व्हावा.

परंतु पुरावा कितपत आहे? रशियातील ज्या चाचणीचा दाखला नेहमी दिला जातो, ती २००८ साली प्रसिद्ध झाली. मद्यपानामुळे मनोविकार जडून दाखल झालेल्या ६६ पुरुषांपैकी ज्यांना जिवाणू दिले, त्यांच्या रक्तातील एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की वाढणारे द्रव्य, इतरांपेक्षा अधिक उतरले. हा उपचार मात्र अवघ्या पाच दिवसांचा होता. शिवाय हा आकडा उतरणे म्हणजे रुग्ण वाचणे नव्हे. सिऱ्होसिस, म्हणजे यकृत घट्ट होऊन आकसण्याचा विकार, पुढे गेलेल्या कित्येकांचा एसजीपीटी मुळातच फारसा वाढलेला नसतो आणि रिपोर्ट पाहून घरचे निर्धास्त होतात. चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेतील २०१४ चा अभ्यास मला अधिक वजनदार वाटतो. यकृत निकामी झाल्याने येणाऱ्या गुंगीतून सावरलेल्या १३० सिऱ्होसिसग्रस्तांपैकी ज्यांना सहा महिने जिवाणूंची पुडी दिली, त्यांना पुन्हा दाखल करण्याची वेळ कमी आली. मात्र ते सारेच मद्यपी नव्हते, आणि गुंगी परतण्याच्या प्रमाणातील फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरला नाही.

मी निवृत्त वैद्यकीय अधिकारी आहे. अशा मजकुराचा घरोघरी काय अर्थ लावला जातो, हे मी पाहिले आहे : ‘थोडी घेतली तरी चालेल, वरून पुडी घेऊ.’ पुडी नको, ताकच बरे, असे म्हणणारेही भेटतात; पण पोटात पाणी झालेल्या रुग्णाला मीठ घातलेले ताक वाटीवाटीने पाजणे घातकच. अत्यवस्थ रुग्णाच्या बाबतीत हे जिवाणू क्वचित रक्तात शिरून संसर्गही करतात, म्हणून पुडीसुद्धा उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच द्यावी.

दारू पूर्ण बंद करण्याचा उल्लेख आपल्या लेखात अखेरच्या ओळीत आला आहे. तो पहिल्या परिच्छेदात हवा होता. यापुढे असे संशोधन छापताना रुग्ण किती, उपचार किती दिवस आणि मोजले नेमके काय, एवढे तरी द्यावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी, सांगली